पाच उभे, पाच उलटे

गूझेन, १८ एप्रिल २०१५

पेइफन,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तीन दिवस तुझ्या प्रयोगशाळेचा नंबर फिरवून बोट दुखायला लागलं. पलीकडची मुलगी पोपटासारखं एकच बोलते, "ज्यांचा माल तपासणीला आलाय त्यांच्याशी मॅडम फोनवर बोलत नाहीत." मॅडम! माझ्या वर्कशॉपात शिकताना जिने वायरीला पहिला डाग दिला तेव्हा बल्बऐवजी टेबल पेटलं, ती आता मॅडम!

बरं, मुद्द्याचं बोलतो. माझे दहा बल्ब तू परत का पाठवलेस? "नमुने अग्राह्य", एवढे दोन शब्द आणि खाली तुझा शिक्का. अगं, ते दहा मी स्वतः निवडले होते. शंभर-दोनशे बल्ब तीन दिवस पेटवून ठेवले. जो जरा लुकलुकला तो बाजूला काढला. राहिलेल्यांतले दहा, एकाहून एक देखणे, मऊ कापडात गुंडाळून पाठवले. लेकीला सासरी पाठवताना कोणी एवढं करत नसेल. आणि तू ते परत पाठवतेस?

माझी काय अडचण आहे ती ऐक. निर्यातवाल्या सू बाईंनी माझ्या बल्बाला हो म्हटलंय. तीन वर्षांची ऑर्डर आहे. पण त्यांना बल्ब किती टिकतो याचा तुमच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा, तोही पुढच्या मार्चच्या आत. नाही मिळाला तर ऑर्डर शेजारच्या बड्या कारखान्याला जाईल, आणि तो माझा वरचा मजलाही भाड्याने मागतोय. घरमालक माझ्याकडे असा बघतो, जणू मी जिन्यावरून कधी पडतो याचीच वाट पाहतोय. तीस माणसं आहेत गं वर्कशॉपात. त्यातल्या अर्ध्यांना तू नावाने ओळखतेस.

तेव्हा हट्ट सोड आणि बल्ब घे.

क्वांग याओतियान


चोंगशान, २७ एप्रिल २०१५

आदरणीय उस्ताद,

तुमचं पत्र मिळालं. फोनवर बोलत नाही म्हणून राग मानू नका. तुमचा माल इथे आहे तोवर आपलं बोलणं फक्त कागदावर होईल, आणि प्रत्येक कागद फाइलला लागेल. आमचे प्रमुख लोंगसाहेब ती फाइल वाचतात. टेबल पेटल्याचंही त्यांनी वाचलं. हसले.

तुमचे बल्ब परत का पाठवले ते सांगते. तुम्ही निवडले म्हणूनच पाठवले. गिऱ्हाईक दुकानात जातं तेव्हा तुम्ही तिथे निवडून द्यायला उभे नसता. त्याच्या हाती जो येईल तो येईल. आम्हाला तोच हवा. म्हणून आमचा माणूस तुमच्या गोदामात येईल, वेगवेगळ्या आठवड्यांत भरलेली खोकी उघडेल आणि चिठ्ठ्या टाकून दहा बल्ब काढेल. ते आधी पेटवून पाहायचे नाहीत, पुसायचे नाहीत, बदलायचे नाहीत. दहांच्या मानेवर मी शाईने एक ते दहा नंबर घालीन. पाच उभे लावू, पाच उलटे टांगू. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा उजेड मोजू, आणि सहा हजार तासांनी त्याच बल्बाचा, त्याच जागी, परत मोजू. तोवर दहातले नऊ जगले पाहिजेत आणि त्यांचा उजेड फार उतरता कामा नये. एखादा गेला तर तो गेला असं लिहायचं. त्याच्या जागी दुसरा लावायचा नाही.

आमचे झाइ येतील. त्यांना जेवायला थांबवू नका, त्यांना परवानगी नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची
रुआन पेइफन


गूझेन, १२ जून २०१५

पेइफन (आणि लोंगसाहेब, तुम्हीही वाचताय म्हणे, वाचा!),

आला तुमचा झाइ. काय माणूस आहे! चहा नको, पाणी नको, बसायला नको. पिशवीतून चिठ्ठ्या काढतो आणि खोक्यांकडे बोट दाखवतो. समोर चांगली कोरडी, नीट रचलेली खोकी होती. ती सोडून याची चिठ्ठी निघाली नेमकी खिडकीखालच्या खोक्याची, जिथे गेल्या पावसात पाणी ठिबकलं होतं. मी म्हटलं, "अहो, ते राहू द्या, दुसरं घ्या." तो म्हणतो, "हेच." त्यातून जो बल्ब काढला त्याची टोपी जराशी तिरकी! हजारात एक अशी टोपी बसते आणि याच्या हाती तीच लागावी? माझी बायको म्हणाली, तुम्ही तोंड बंद ठेवा, नाहीतर तो आणखी वाईट काढेल. मी तोंड बंद ठेवलं. हे मला किती जड गेलं असेल ते तुला ठाऊक आहे.

आता माझे दोन प्रश्न. पहिला, दहाच का? बारा घ्या, दोन राखीव ठेवा. घरात दहा माणसं जेवायला येणार असतील तर आपण दोघांचं जास्त शिजवतोच ना? दुसरा, हे उलटं टांगणं काय प्रकार आहे? टेबलावरच्या दिव्यात बल्ब उभा असतो, छताला असतो तो उलटा, हे मला कळतं. पण आठ-नऊ महिने एका बिचाऱ्याने खाली डोकं वर पाय करून जगायचं? सगळी गरमी वर मानेत चढते, तिथेच त्याचं काळीज आहे. मला विचारून केलं असतं तर मी सगळे उभे लावले असते.

लिचीची पेटी पाठवली ती परत आली. आंबून आली. तुझ्या नियमाला वासही येत नाही वाटतं.

क्वांग


चोंगशान, १ जुलै २०१५

आदरणीय उस्ताद,

लिची परत पाठवताना मलाच वाईट वाटलं. दारातून आत घेता येत नव्हती.

राखीव बल्ब चालत नाहीत. बारा आणून दहा मोजायचे म्हटलं तर जे दोन वाईट निघतील तेच राखीव होते असं कोणीही म्हणेल. आणि उलटं टांगायचं कारण तुम्हीच लिहिलंय. गरमी मानेत चढते. छताला टांगल्यावर बल्बाचे हेच हाल होतात. उभ्यावरच तपासून दाखला दिला तर तो अर्धाच दाखला झाला.

चाचणी २० जूनला सुरू झाली. तिरक्या टोपीला सात नंबर मिळाला. तो उलट्या रांगेत आहे. तसं चिठ्ठीतच निघालं, मी मुद्दाम केलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सहा हजार तास भरतील. दाखला मार्चच्या आत निघेल. तोवर मला लिहू नका असं मी म्हणणार नाही, पण वर्कशॉपकडे लक्ष द्या.

पेइफन


गूझेन, २४ सप्टेंबर २०१५

पेइफन,

तुझं चिठोरं आलं. "क्रमांक सात, उलटी रांग, बंद." मेला! बंद पडला म्हणे. मी काय सांगत होतो? तिरकी टोपी, ओल लागलेलं खोकं, त्यात उलटा टांगलेला. तिघांनी मिळून त्याचा जीव घेतला.

आता हात जोडून सांगतो, तो काढून टाक. तो माझ्या मालाचा नमुना नव्हे, तो अपघात आहे. टोळीत एखादं पोर लंगडं निघालं म्हणून सगळ्या गावाला लंगडं म्हणतात का? मी दुसरा बल्ब पाठवतो. तू स्वतः ये, डोळे बांधून काढ, वाटल्यास त्या झाइला डोळे बांधून पाठव. पण ती जागा रिकामी ठेवू नकोस. माझ्याकडे मांडणीवर एक बल्ब गेला की पाच मिनिटांत दुसरा बसतो. तुलाही मी हेच शिकवलं. अंधारी जागा ठेवायची नाही, बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. सू बाई कधी तुमच्याकडे येऊन बघतील तर त्यांना पेटलेले नऊ दिसणार नाहीत, विझलेला एक दिसेल. माझी झोप उडाली आहे.

तुला मी कधी काही मागितलं? तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्या पोराला आम्ही वर्षभर सांभाळलं, ते मी बोलून दाखवणारा माणूस नाही. पण आज बोलतो. एक बल्ब बदल.

सणाचे मूनकेक पाठवत नाही. परत येतील म्हणून आम्हीच खाल्ले.

उस्ताद


चोंगशान, ९ ऑक्टोबर २०१५

उस्ताद,

पोराला सांभाळल्याचं तुम्ही लिहिलंत आणि ते फाइलला लागलं. लोंगसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "या माणसाची चाचणी तुमच्याकडे ठेवावी का?" मी म्हटलं, ठेवा. त्यांनी ठेवली. आता नजर माझ्यावरही आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, रागाने नाही.

सात नंबर त्याच्या होल्डरमध्येच राहील. विझलेला, पण मोजलेला. तुम्ही घाबरता आहात, पण नीट वाचा. दहातला एक गेलेला चालतो. नऊ जगले तर तुम्ही पास! आणि उरलेले नऊ उत्तम चालले आहेत, इतके की मलाच नवल वाटतं. तिथल्या एका अंधाऱ्या जागेने तुमचं काहीही बिघडत नाही. फक्त तिला हात लावू नका, आणि कोणाला लावायला सांगू नका.

मला माहीत आहे, तुम्हाला हे जमणं कठीण आहे. तरी सांगते. काही करू नका. वाट पाहा.

पेइफन


गूझेन, १० फेब्रुवारी २०१६

पेइफन,

आपल्या चांद्र नव्या वर्षाच्या खूप शुभेच्छा! तू पोराला घेऊन माहेरी गेलीस असं कळलं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

आज मन प्रसन्न आहे, म्हणून लिहितोय. चार महिने गप्प बसलो की नाही? बायको म्हणाली, तुम्हाला ताप आलाय का? पण सांगू का, वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक पुण्य करून आलो.

तुमच्याकडचे वॉचमन मोक काका माझ्याच गावचे. सगळे सुटीवर गेले, म्हातारा एकटा. म्हटलं संत्री आणि शेकलेल्या हंसाची तंगडी देऊन यावं. माणसाला कोणी विचारायला नको? ते खूश झाले. म्हणाले, "पेइफनचे उस्ताद तुम्ही, घरचेच." बोलता बोलता आम्ही त्या खोलीच्या काचेपाशी आलो आणि मला ती जागा दिसली. वर्षाची शेवटची संध्याकाळ. अख्ख्या गावात न्हाणीघरातसुद्धा दिवा लावून ठेवलेला, कोपरा अंधारा राहू नये म्हणून. आणि तुझ्या खोलीत मधोमध एक काळं भोक! मला बघवेना. मोक काकांनाही बघवेना. तेच म्हणाले, मी रोज फेरी मारताना त्याच्याकडे पाठ करतो.

मग काय, काकांनी दार उघडलं, खिशात एक बल्ब होताच. माझ्या खिशात नेहमीच असतो. सात नंबरचा काढून केराच्या टोपलीत टाकला, नवा लावला. पेटला! आणि हात लागलाच होता तर बाकीचे नऊही बल्ब उतरवून पुसले. काय धूळ बसली होती गं! वर्ष सरताना घर पुसतात, यांना कोण पुसणार? साबणाच्या फडक्याने मानेपर्यंत लख्ख केले. आणि ज्यांनी आठ महिने उलटं लटकून काढले त्यांना म्हटलं, नव्या वर्षी तुम्ही उभे राहा. उभ्यांना उलटं टांगलं. सगळ्यांना सारखा न्याय. अर्ध्या तासात काम झालं.

रागावशील थोडी, मला माहीत आहे. पण नऊ तर पास होतेच, तूच लिहिलंस. मग हा दहावा शोभेला. सू बाई आल्या तर दहाच्या दहा दिसतील.

तुझ्या पोरासाठी सणाच्या पैशांचं लाल पाकीट ठेवलंय. ते तरी परत करू नकोस.

उस्ताद


चोंगशान, २० फेब्रुवारी २०१६

क्वांग याओतियान,

मी १४ तारखेला खोली उघडली. दहाच्या दहा पेटलेले. अगदी एक क्षण मला आनंद झाला. मग एकेक मान पाहिली. सगळ्यांच्या माना चकचकीत. एकाही मानेवर नंबर नाही. माझी शाई तुम्ही साबणाने धुऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं, शुभेच्छांसकट.

तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला? मी खोली उघडली तेव्हा अकरा दिवस राहिले होते. अकरा! नऊ बल्ब होते, सगळे जिवंत, सगळे मजबूत. मी रोज सकाळी खोली उघडायची ती भीत भीत, आज एखादा गेला असेल का म्हणून, आणि रोज नऊ पेटलेले असायचे. मी कोणाला बोलले नाही, पण मनातून तुमच्यासाठी नाचत होते. तुम्ही फक्त घरी बसायचं होतं. हंस खायचा आणि झोपायचं. एवढंही जमलं नाही?

आता कोणता बल्ब उभ्या रांगेतला होता आणि कोणता उलट्या, ते सांगा मला. नाही सांगता येणार. पहिल्या दिवशी ज्याचा उजेड मोजला तो यातला कोणता, सांगा. तुम्ही एकच नवा लावला असं म्हणता. मी मानते. शपथेवर मानते. पण बनवणारा माणूस फडकं आणि खिशात बल्ब घेऊन खोलीत शिरला हे एकदा लिहिलं गेलं, की पुढचं काहीच कोणी मानत नाही. मानूही नये.

नव्या वर्षाचे पहिले दिवस कोणी केर काढत नाही, म्हणून टोपली तशीच होती. त्यात सात नंबर सापडला. तो तुम्ही पुसला नव्हता. दहांपैकी एकट्या त्याच्याच मानेवर नंबर आहे. मी तो हातात धरून त्या खोलीत बसले आणि रडले, हे फाइलला लागलं तरी चालेल.

चाचणी रद्द. सगळीच. नवी सुरू करायची तर नवे दहा, नवी खोकी, पुन्हा सहा हजार तास. तुमचा मार्च गेला. मोक काकांची नोकरी गेली. मला त्या खोलीतून काढून तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसवलंय. पत्र मी दाबू शकले असते. तुमचं हे पत्र फाडून मी गप्प बसू शकले असते, असं मला एक अख्खा दिवस वाटत होतं, आणि त्याबद्दलही मला तुमचाच राग येतोय.

मी लिहिलं होतं, हात लावू नका. साधं वाक्य होतं.

रुआन पेइफन


गूझेन, २ मार्च २०१६

पेइफन,

सू बाईंकडे गेलो होतो. म्हटलं, नऊ जगले होते. त्या म्हणाल्या, कागद? मी म्हटलं, कागद नाही, पण जगले होते. त्या बाई चांगल्या आहेत. चहा दिला. ऑर्डर शेजाऱ्याला गेली.

वरचा मजला सोडतोय. आठ माणसं ठेवली. बाकीच्यांना सांगताना काय कारण सांगायचं ते सुचेना. शेवटी खरं तेच सांगितलं. त्यांनी आपापली हत्यारं पिशवीत भरली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

 

क्वांग याओतियान


चोंगशान, २० एप्रिल २०१६

उस्ताद,

रद्द चाचणीचे नमुने मालकाला परत द्यायचे असतात. सोबत दहा बल्ब आहेत. खिशातला अकरावा वेगळा गुंडाळलाय. त्याच्यावर तुमच्या फडक्याचा डाग नव्हता, आणि तो बाकीच्यांहून उजळ पेटतो, त्यावरून ओळखला. उशिरा कळलेली हुशारी. तिचा आता कोणाला उपयोग नाही.

नवे नमुने काढायचे असतील तर अर्ज सोबत आहे. आता चाचणीच्या खोलीत झाइ बसतात. ते कोणाचं ऐकत नाहीत, हे तुमच्यासाठी बरंच आहे.

पेइफन


गूझेन, २७ जानेवारी २०१७

पेइफन,

अकरा महिने तुला लिहिलं नाही. अर्जही भरला नाही. पुन्हा कोणी चिठ्ठ्या काढणार, पुन्हा ती ओली खोकी, मला धीरच होईना. राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं. तुझ्यावर काढला, तुझ्या नियमांवर काढला, बायकोवर काढला. मग काढायला कोणी उरलं नाही, म्हणून एक दिवस तुझी पेटी उघडली.

फाटकाशी ते दहा बल्ब लावलेत. मधे लाकडी पट्टी ठोकली, पाच उभे, पाच उलटे. कोणता कुठे होता ते मलाही माहीत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. हसू नकोस. फाटकावर मोक काका बसतात. आता ते माझ्याकडेच आहेत. एप्रिलपासून दिवस-रात्र पेटतेच ठेवलेत. काका रोज मोजतात आणि मला ओरडून सांगतात, "नऊ!" शेजाऱ्याचे कामगार येता-जाता हसायचे. आता तेही विचारतात, आज किती? आज सकाळीही नऊ. एकही गेला नाही, पोरी. तुझ्या खोलीतले आठ महिने आणि इथले नऊ. तुझ्या सहा हजारांच्या दुप्पट झाले आणि या हिशेबाला कोणी शिक्का मारणार नाही. माझे बल्ब चांगले होते. हे मी कोणाला दाखवू? काल सू बाई गाडीतून गेल्या, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

सात नंबरही लावलाय. उलट्या रांगेत, चिठ्ठी न टाकता. त्याची जागा सगळ्यांना माहीत होती.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. सकाळपासून बायको मागे लागली आहे. म्हणते, फाटकावर काळं भोक ठेवून वर्ष बदलायचं का? लोक काय म्हणतील? शेजारीणही बोलून गेली. मोक काकांनी तर स्टूल आणून ठेवलं, आणि हातात नवा बल्ब घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी स्टूलावर चढलो. सात नंबरला हातही घातला होता, तोच तुझं ते साधं वाक्य आठवलं.

खाली उतरलो. स्टूल आत नेलं. काकांना सांगितलं, याला कोणी हात लावायचा नाही.

अर्ज भरून सोबत जोडलाय. झाइला पाठव. जी खोकी त्याला हवीत ती काढू दे, मी दुसऱ्या गावाला जाऊन बसेन. आणि यंदा तुझ्याकडे माझा कुठलाच माल नाही, म्हणजे या सणात तुला जेवायला बोलावलं तर नियम आडवा येत नाही, मी दोनदा वाचून खात्री केली. पोराला घेऊन ये. हंस आहे. फाटकातून येशील तेव्हा मोजून बघ.

उस्ताद